दप्तरखान्याची यादी

सरकारी नोकरीत ज्याची दर तीन वर्षांनी बदली होते, त्याला एक विधी तोंडपाठ झालेला असतो. नव्या कचेरीत पाऊल टाकावे, हारतुरे आणि चहापान आटोपावे, आणि मग कार्यभार स्वीकारावा. कार्यभार स्वीकारणे म्हणजे तरी काय? एका यादीखाली सही करणे. कपाटे इतकी, खुर्च्या इतक्या, नस्त्या इतक्या, नोंदवह्या इतक्या; मिळाल्या, भरल्या, बरोबर आहेत. ही सही करताना आपण काय पत्करीत आहो याचा विचार फारसा कोणी करीत नाही. मीही अनेक वर्षे केला नव्हता. तो करण्याची वेळ ज्या प्रसंगाने माझ्यावर आणली, तो आरंभी सांगतो. कारण आजच्या भाषणाचा विषय त्या प्रसंगातूनच निघाला आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका कार्यालयाचा कार्यभार आला. तेथील जुना संगणक मोडीत काढून नवा बसवायचा, असे आधीच ठरले होते. या संगणकाला सर्व्हर म्हणत. म्हणजे कार्यालयातील सर्व मेजांवरील संगणकांना हवी ती माहिती पुरविणारा मुख्य संगणक. जुन्या सर्व्हरवर कोणकोणते डेटाबेस आहेत, याची छापील यादी माझ्यापुढे ठेवण्यात आली. यादीत नऊ नावे होती. नवाच्या नवा उतरवून घेतले आहेत, आता शनिवारी जुनी तबकडी पुसून टाकावी, असा शेरा त्याखाली होता. माझी सही तेवढी व्हायची होती.

कार्यालयात नव्यानेच रुजू झालेल्या एक तरुण तंत्रज्ञ बाई तेथे उभ्या होत्या. त्यांनी यादीवर नजर टाकली आणि नम्रपणे विचारले, "साहेब, ही यादी कोणत्या खात्यातून काढली?"

मी म्हणालो, "कोणत्या म्हणजे? आपल्याच खात्यातून!"

"तसे नव्हे, साहेब. सर्व्हरवर प्रत्येकाचे निराळे खाते असते. यादी मागणारा कोण, यावर यादी अवलंबून असते."

त्यांनी मुख्य व्यवस्थापकाच्या खात्यातून तीच आज्ञा पुन्हा दिली. पडद्यावर चौदा नावे उमटली. जास्तीच्या पाचांपैकी तीन सर्व्हरची स्वतःच्या कारभाराची होती. त्यांची चिंता नव्हती. उरलेल्या दोहोंपैकी एकात निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे होती. शनिवार उजाडला असता तर कित्येक विधवा स्त्रियांना आपले वैधव्य पुन्हा एकदा पुराव्यानिशी सिद्ध करीत कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. ती सही मी त्या दिवशी केली नाही. सर्व्हरवरील डेटाबेसांची यादी काढणे ही केवळ तंत्रज्ञांची बाब नव्हे, हे मात्र तेव्हा कळले.

डेटाबेस हा शब्द आपल्या कानांना नवा असला, तरी ती वस्तू आपल्याला अगदीच अपरिचित नाही. पुण्याचे पेशवे दप्तर कोणाला ठाऊक नाही? कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, रुमालांच्या रांगा, आणि त्यांतून नेमका कागद शोधून काढणारे अभ्यासक, हे चित्र इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे असते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. दूर तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात तेथील मराठी राज्याचे मोडी कागद आजही आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी अभ्यासकाचा पहिला प्रश्न एकच असतो: येथे कोणकोणती दप्तरे आहेत? कागद वाचणे पुढचे. आधी कागद कोठे आहे हे कळले पाहिजे. आपल्याकडे 'फडणीस' या पदाचे मूळ फारसी 'फर्दनवीस' या शब्दात सांगतात. फर्द म्हणजे नोंदीचा बंद; तो लिहिणारा तो फडणीस. राज्याचा हिशेब ज्याच्या हाती, त्याच्या नावातच नोंद आहे!

आता संगणकाच्या दप्तरखान्यात प्रवेश करू. पूर्वी संगणकात माहिती साठविण्याच्या ज्या पद्धती होत्या, त्यांत हवी ती नोंद गाठायची तर ती कोणत्या वाटेने गाठायची हे कार्यक्रम लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागे. वाट बदलली की कार्यक्रम निकामी. या अडचणीवर एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने उपाय काढला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक म्हणून काम केलेला हा गृहस्थ पुढे अमेरिकेत आय.बी.एम. या कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत होता. १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपाने मांडा. आडव्या ओळीत एक नोंद, उभ्या स्तंभात एक गुण. दोन कोष्टकांतील संबंध सांगायचा तर दोन्हींत समान असलेल्या मूल्यावरून सांगा. काय हवे एवढेच माणसाने सांगावे. ते कोठून व कसे आणायचे हे यंत्राने पाहावे. या रचनेला 'रिलेशनल' म्हणतात, आणि ती सांभाळणारा तो रिलेशनल डेटाबेस सर्व्हर. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आज एस.क्यू.एल. या नावाने जगभर चालते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने कॉडची आणखी एक गोष्ट मोलाची आहे. १९८५ साली, खरी रिलेशनल व्यवस्था कोणती आणि नावापुरती कोणती हे ओळखण्यासाठी, त्याने काही नियम सांगितले. ते बारा म्हणून प्रसिद्ध आहेत. मात्र शून्यापासून मोजल्यामुळे प्रत्यक्षात तेरा भरतात. त्यांपैकी चौथा नियम सूचीविषयी आहे. दप्तरखान्यात काय काय आहे याचे वर्णनही इतर माहितीप्रमाणे कोष्टकांतच ठेवले पाहिजे, आणि ज्याला अधिकार आहे त्याला ते त्याच भाषेत विचारता आले पाहिजे, असा त्याचा आशय. वरवर पाहता ही लहानशी सोय वाटते. वस्तुतः ती मोठी सुधारणा आहे. जुन्या दप्तरखान्यात कोणता रुमाल कोठे हे एका वृद्ध कारकुनाच्या डोक्यात असे. तो निवृत्त झाला की निम्मे दप्तर मुके होई. कॉडने सांगितले, की सूची कारकुनाच्या डोक्यात नको, दप्तराच्या पोटातच हवी. ज्या भाषेत आपण एखाद्या शेतकऱ्याची नोंद विचारतो, त्याच भाषेत "तुझ्यापाशी काय काय आहे?" असे दप्तरालाच विचारता यावे. गंमत अशी, की या सूचीत सूचीच्या कोष्टकाचीही नोंद असते. शिरगणती करणाऱ्याने स्वतःलाही मोजावे, तसाच हा प्रकार.

तत्त्व एक असले तरी व्यवहारात घरोघरी चाली निराळ्या. आज अधिक प्रचारात असलेल्या तीन सर्व्हरांकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होईल.

पहिला मायएसक्यूएल. हा १९९५ साली मायकेल विडेनियस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये सिद्ध केला. नावातील 'माय' हे विडेनियसच्या मुलीचे नाव. ज्या शब्दाने मराठी कानाला आई आठवते, तो येथे लेकीवरून आला आहे. या सर्व्हरवर यादी मागणे अत्यंत सोपे. 'शो डेटाबेसेस' एवढे दोन शब्द लिहून अर्धविराम दिला की नावांचे एक कोष्टक पडद्यावर येते. पूर्वी या सर्व्हरची पद्धत फारच भोळी होती. माहितीच्या मुख्य कप्प्यात जितके पोटकप्पे, तितके डेटाबेस, असे तो मानी. त्यामुळे एखाद्या यंत्रावर त्या कप्प्यात भलताच पोटकप्पा आढळला, तर तोही डेटाबेस म्हणून यादीत झळके. कोठीत ठेवलेली शिडीही शिरगणतीत यावी, त्यातलाच हा प्रकार! २०१८ मध्ये निघालेल्या आठव्या आवृत्तीपासून या सर्व्हरने स्वतःचा पक्का कोश ठेवण्यास आरंभ केला आणि हा भोळेपणा संपला.

दुसरा पोस्टग्रेस. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ साली या प्रकल्पाचा आरंभ झाला. १९९६ पासून तो पोस्टग्रेस-एसक्यूएल या नावाने ओळखला जातो. येथे 'शो डेटाबेसेस' ही आज्ञा चालत नाही. त्याच्या संवादपटलावर उलटी तिरपी रेघ आणि तिला लागून 'एल' हे लहान लिपीतील इंग्रजी अक्षर, एवढे लिहिले की पुरे. डेटाबेसाचे नाव, त्याचा मालक, अक्षरसंकेत, कोणाला कोणता अधिकार, हे सारे ओळीने समोर येते. हा संकेत म्हणजे लघुलिपी आहे. त्यामागे खरी विचारणा होते ती 'पीजी-डेटाबेस' नावाच्या कोष्टकाला. एकेका डेटाबेसाची सूची त्याच्या त्याच्या घरात असते. परंतु हे एक कोष्टक साऱ्या घरांना सामाईक आहे.

येथे एक मौजेची अडचण उद्भवते. पोस्टग्रेसमध्ये कोणताही प्रश्न विचारायचा, तर आधी कोणत्या तरी एका डेटाबेसात शिरावे लागते. कोणकोणते डेटाबेस आहेत हेच ठाऊक नाही, तर शिरायचे कोणात? वाड्यात खोल्या किती हे पाहायला आधी वाड्याच्या आत यावे लागते, आणि आत यायचे म्हणजे कोठल्या तरी खोलीत यावे लागते! यासाठी वाड्याला देवडी असते. पोस्टग्रेसच्या रचनाकारांनी २००५ सालच्या आवृत्तीपासून 'पोस्टग्रेस' याच नावाचा एक डेटाबेस प्रारंभीच तयार ठेवण्याची प्रथा घातली. ती ही देवडी. आल्यागेल्याने येथे उभे राहावे आणि आत काय आहे ते विचारावे.

तिसरा मायक्रोसॉफ्ट कंपनीचा एसक्यूएल सर्व्हर. याची सूची 'सिस डॉट डेटाबेसेस' या नावाने विचारली जाते. तिच्यात नावाबरोबर जन्मतारीख असते आणि प्रकृतीचीही नोंद असते: डेटाबेस चालू आहे, बंद ठेवला आहे, जुन्या प्रतीवरून पूर्ववत होत आहे, की त्याच्या शाबूतपणाविषयीच शंका आहे. नुसत्या नावांच्या यादीपेक्षा अशी यादी कारभाऱ्याला अधिक उपयोगी, हे सांगायला नको.

या प्रत्येक यादीत काही नावे आपण न ठेवलेली दिसतात. नवख्या माणसाला त्यांचा संशय येतो, आणि क्वचित कोणी साफसफाईच्या उत्साहात त्यांना हात लावतो. ते करू नये. मायएसक्यूएलमध्ये 'मायएसक्यूएल' याच नावाचा डेटाबेस असतो. कोणाला कोणते अधिकार याच्या सनदा त्यात असतात. पोस्टग्रेसमध्ये 'टेम्प्लेट-एक' आणि 'टेम्प्लेट-शून्य' असे दोन साचे असतात. नवा डेटाबेस एरवी पहिल्या साच्यावरून बेततात. दुसरा मूळ स्वरूपात जपून ठेवलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर 'मास्टर', 'मॉडेल', 'एमएसडीबी' आणि 'टेम्पडीबी' हे चौघे घरचे कारभारी. मास्टर म्हणजे साऱ्या वाड्याची किल्ली. मॉडेल म्हणजे साचा. एमएसडीबीपाशी ठरावीक वेळच्या कामांची आणि काढलेल्या प्रतींची नोंद. आणि टेम्पडीबी ही कच्ची वही, सर्व्हर जेव्हा जेव्हा नव्याने सुरू होतो तेव्हा तेव्हा कोरी होणारी. यांना वगळून उरतात ते आपले डेटाबेस.

तेव्हा यादी मागण्याची रीत सोपी आहे. कठीण आहे ते यादीचा अर्थ लावणे. या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असे मला वाटते.

पहिली गोष्ट, शब्द एक असला तरी अर्थ एक नसतो. कोकणात वाडी म्हणजे गावाचा एक भाग. देशावर अनेक ठिकाणी वाडी हेच स्वतंत्र गाव. तसेच 'डेटाबेस' आणि 'स्कीमा' या शब्दांचे आहे. मायएसक्यूएलमध्ये हे दोन शब्द समानार्थी आहेत. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस हे गाव आणि स्कीमा ही त्यातील वाडी. ऑरॅकल या सर्व्हरवर तर दीर्घकाळ एका चालत्या व्यवस्थेमागे एकच डेटाबेस असे आणि निरनिराळे कारभार त्यात स्कीमांच्या रूपाने नांदत. एका मोठ्या डेटाबेसाच्या पोटी अनेक लहान डेटाबेस ठेवण्याची सोय तेथे २०१३ मध्ये आली. १९९२ च्या प्रमाणित एस.क्यू.एल. भाषेने 'इन्फर्मेशन स्कीमा' नावाची सामाईक सूची सांगितली खरी. पण तिला स्कीमांची नावे विचारली, तर मायएसक्यूएल आपल्या साऱ्या डेटाबेसांची नावे देतो आणि पोस्टग्रेस फक्त आपण उभे आहो त्या एका डेटाबेसातील वाड्यांची. प्रश्न एकच, उत्तरे दोन. आणि दोन्ही आपापल्या परीने खरी.

दुसरी गोष्ट, विचारणारा कोण हे उत्तरात मिसळलेले असते. आमच्या कार्यालयात घडले ते याचमुळे. मायएसक्यूएल ज्याला ज्या डेटाबेसावर काही ना काही अधिकार आहे, त्याला तेवढ्याचेच नाव सांगतो. सर्व नावे पाहण्याचा अधिकार निराळा द्यावा लागतो. पोस्टग्रेसची रीत उलट. तेथे आत येण्याची अनुज्ञा नसली, तरी दारावरच्या पाट्या कोणालाही वाचता येतात. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर ही मुभा प्रारंभी सर्वांना असते, पण काढून घेता येते. यांपैकी योग्य कोणती, याविषयी मतभेद संभवतात. नाव लपविल्याने चोराला सुगावा लागत नाही हे खरे. पण कधीकधी धन्यालाही लागत नाही. म्हणून कोणत्याही यादीच्या शिरोभागी ती कोणत्या खात्यातून, कोणत्या दिवशी काढली हे लिहिलेले असावे. तेवढी एक ओळ आमच्या त्या यादीवर असती, तर तिची उणीव प्रथमदर्शनीच ध्यानात आली असती. आज्ञा चुकली नव्हती, यंत्र खोटे बोलले नव्हते. जे उत्तर एका कारकुनापुरते होते, ते आम्ही साऱ्या कार्यालयाचे समजलो, एवढेच.

तिसरी गोष्ट, सर्व्हर आपल्यापुरतेच सांगतो. एकाच यंत्रावर दोन सर्व्हर निरनिराळ्या दारांवर बसलेले असू शकतात. या दारांना क्रमांक असतात: पोस्टग्रेसचे नेहमीचे दार ५४३२, मायएसक्यूएलचे ३३०६, मायक्रोसॉफ्टचे १४३३. एका दारावर विचारले, तर दुसऱ्या दारामागे काय आहे हे तेथे कळणार नाही. तेव्हा डेटाबेसांच्या यादीआधी सर्व्हरांची यादी हवी. संगणकाजवळ ती आपोआप नसते. ती माणसानेच ठेवावी लागते. अखेरीस प्रश्न फिरून कारकुनाच्या नोंदवहीपाशीच येतो!

श्रोत्यांपैकी काही म्हणतील, की हे सारे खरे, पण आम्हां सामान्य माणसांना यादीचे काय? याचे उत्तर त्या प्रसंगातील दुसऱ्या डेटाबेसात आहे. त्याविषयी मी अजून काही सांगितलेले नाही. तो होता प्रशिक्षणासाठी काढलेला एक नमुना. नवे कर्मचारी शिकावेत म्हणून कोणी तरी कधी काळी खऱ्या माहितीची नक्कल करून ठेवली होती. शिक्षण संपले, शिकविणारा बदलून गेला, नक्कल राहिली. तिच्यात खऱ्या माणसांची नावे, पत्ते आणि बँकेतील खात्यांचे क्रमांक होते. मूळ डेटाबेसावर पहारा होता. नकलेवर नव्हता, कारण ती आहे हेच कोणाला आठवत नव्हते. निवृत्तिवेतनाचा डेटाबेस यादीत नव्हता म्हणून पुसला जाणार होता. ही नक्कल यादीत नव्हती म्हणून इतकी वर्षे पुसली गेली नव्हती. यादीतून गळल्याचे हे दोन परिणाम. जे जपायचे ते हरवते, आणि जे हरवायला हवे ते उरते.

आपल्या संसदेने २०२३ साली नागरिकांच्या अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम संपले की ती काढून टाकावी, हे त्यातील एक तत्त्व आहे. परंतु जी माहिती आपल्यापाशी आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, ती काढून टाकणार कशी? कायद्याचे पालन शेवटी त्या दोन शब्दांच्या आज्ञेपासून सुरू होते.

आमच्या कार्यालयाने त्यानंतर दोन लहान गोष्टी केल्या. पूर्वी रात्रीच्या प्रती काढण्याच्या कार्यक्रमात डेटाबेसांची नावे हाताने लिहिलेली होती. नवा डेटाबेस झाला आणि कोणी त्याचे नाव तेथे घातले नाही, तर त्याची प्रत निघत नसे. आता तो कार्यक्रम रोज रात्री आधी सर्व्हरलाच यादी विचारतो आणि येईल त्या प्रत्येक नावाची प्रत काढतो. अर्थात, तो ज्या खात्यातून विचारतो त्याला सर्व नावे दिसतात, याची खात्री आधी करून घेतली. दुसरी गोष्ट, दर तिमाहीस ती यादी कागदावर छापून प्रत्येक नावापुढे तीन रकाने आम्ही हाताने भरतो: हा कशासाठी, याला जबाबदार कोण, आणि याची गरज केव्हापर्यंत. पहिल्या तिमाहीत तिसरा रकाना भरताना बरीच डोकी खाजवावी लागली. काही नावांपुढे कोणीच सही करीना. शेवटी ज्याचा धनी सापडला नाही, त्याची प्रत मोहोरबंद करून ठेवली, एक वर्ष वाट पाहिली, आणि मग ते नाव यादीतून रीतसर काढून टाकले.

'यादी' हा शब्द फारसी 'याद' या शब्दाशी नाते सांगतो. याद म्हणजे आठवण. यंत्राची स्मृती आज आपल्या कल्पनेपलीकडे वाढली आहे, पण तिच्यात काय ठेवले आहे ही आठवण अजून माणसाकडेच आहे. निवृत्तिवेतनाची ती प्रकरणे नव्या सर्व्हरवर सुखरूप पोहोचली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ज्यांच्या हाती पैसे पडले, त्या बायकांना यातले काहीच कळले नाही. कारभार नीट चालला म्हणजे तो कोणाला कळत नाही, हेच ठीक. यापुढे मात्र कोणत्याही यादीखाली सही करण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो. तो मला त्या तरुण बाईंनी शिकविला: ही यादी कोणत्या खात्यातून काढली?